दिवस भरत आले, पण वर्ग सुटत नाही

दिवस भरत आलेल्या स्त्रिया समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवातीची तक्रार झोपेची, पाठीची किंवा चिडचिडीची असते. थोडे बोलणे झाले की तिच्याखालून एक प्रश्न वर येतो, आणि तो इतक्या जणींनी इतक्या सारख्या शब्दांत विचारला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. प्रश्न असा : “आत्ता मी हे काम सोडलं, तर मी स्वार्थी ठरेन का?” हे काम म्हणजे नोकरी नव्हे. नोकरीत रजेचा नियम असतो, अर्ज असतो, बदली माणूस असतो. जे काम आपण बिनपगारी, प्रेमाने अंगावर घेतले आहे, त्यातून रजा कोणाकडे मागायची हेच अनेकींना कळत नाही, आणि मग त्या ती मागतच नाहीत.

ज्या स्त्रीविषयी मी लिहीत आहे ती चर्चमध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारी भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेत असे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात मांडले आहे. तिला तेहतिसावा आठवडा चालू होता. थोरली मुलगी चार वर्षांची, तीही त्याच वर्गात बसणारी. घरी पती आणि गुडघेदुखीने हैराण झालेल्या सासूबाई. तपासण्या व्यवस्थित होत्या, बाळाची वाढ चांगली होती. पण तपासणीच्या वेळी तिला कारण नसताना रडू येऊ लागले, म्हणून तिच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवले.

“कसं चाललंय?” असे विचारले की अशा स्त्रिया “बरं चाललंय” म्हणतात, म्हणून मी तिला तो प्रश्न विचारला नाही. “मला तुमचा रविवार सांगा, उठल्यापासून,” एवढेच म्हणाले. तिने सांगितला. शनिवारी रात्री मुलगी झोपल्यावर कागदाची मेंढरे कापायची, सुवर्णवचन, म्हणजे मुलांनी पाठ करायचे बायबलमधले वचन, मोठ्या अक्षरांत लिहायचे. रविवारी पहाटे उठून घरचे आवरायचे. मग तास-दीड तास मुलांसोबत जमिनीवर बसायचे, गाण्याला हातवारे करायला उठायचे, पुन्हा बसायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचे. हे सांगता सांगता ती अगदी सहज बोलून गेली, “सकाळपासून मी पाणी पीत नाही, म्हणजे मध्येच उठावं लागत नाही. मुलांना एकटं कसं सोडणार?”

मी तिला तिथेच थांबवले, कारण तिच्या लेखी ती एक सोय होती आणि माझ्या लेखी सगळी अडचण त्या एका वाक्यात होती. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा भार मूत्राशयावर येतो आणि वारंवार उठावे लागणे अगदी स्वाभाविक असते. पाणी तोडल्याने व लघवी धरून ठेवल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो आणि गरोदरपणात असा संसर्ग अंगावर काढला तर मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. पण मला तिच्यापुढे ठेवायचा होता तो वेगळाच मुद्दा. इतक्या लहान मुलांच्या वर्गात एकच मोठे माणूस असणे हे कोणत्याही परिस्थितीत योग्य नव्हे. एखाद्या मुलाला चक्कर आली, कोणी पडले, तर उरलेल्यांकडे कोण पाहणार? दुसऱ्या माणसाची गरज त्या वर्गाला ती गरोदर राहण्याच्या आधीपासून होती. हे ऐकून ती प्रथमच थोडी सैलावली, कारण आता मागणी तिच्या दुखऱ्या पाठीसाठी नव्हती, मुलांसाठी होती. दुसऱ्यांसाठी मागणे अशा स्त्रियांना जमते, म्हणून सुरुवात मी तिथूनच करते.

तरीही पुढच्या भेटीपर्यंत तिने कोणालाच, चर्चच्या पाळकांना म्हणजे धर्मगुरूंनाही, काही सांगितले नव्हते. “पाळकसाहेबांना विचारायचं होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही.”

का निघाला नाही, याचा शोध घेण्यात आमचा बराच वेळ गेला. आधी तिने सांगितलेली कारणे वरवरची होती : मुलांना माझी सवय आहे, दुसऱ्या कोणाला जमणार नाही, लोक काय म्हणतील. खरे कारण एका भेटीच्या अगदी शेवटी, उठता उठता बाहेर आले. आधी एकदा तिचा गर्भ पडला होता. त्यानंतर तिने प्रार्थना केली होती, आणि प्रार्थनेत मनाशी म्हटले होते की मूल पदरात पडले तर ही सेवा मी कधी सोडणार नाही. “आता सोडली आणि बाळाला काही झालं, तर?” तिने विचारले. त्या क्षणी तिचा हात पोटावर गेला होता आणि बोटे कपड्याची एकच चुणी पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

तिच्या श्रद्धेविषयी मत देणे हे माझे काम नव्हते आणि मी ते दिले नाही. मी स्वतः त्या धर्माची नाही. तो प्रश्न पाळकांपुढे, पतीला सोबत घेऊन मांडावा, असे मी सुचवले. समुपदेशकाने स्वतःच्या कक्षेबाहेरचे प्रश्न योग्य माणसाकडे पाठवले पाहिजेत, यावर मी ठाम आहे. माझ्या कक्षेत होती ती भीती, आणि तिच्याबद्दल मी स्पष्ट बोलले. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडण्याची कारणे बहुतेक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषांत असतात. आईने काय केले, काय सोडले, मनात काय आणले, याने ते घडत नाही. हे तिने डॉक्टरांकडूनही ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि मनात उतरणे वेगळे.

वळण आले ते मी केलेल्या स्पष्टीकरणाने नव्हे. त्या दिवशी ती फार थकून आली होती. जड विषय लगेच काढू नये म्हणून मी विचारले, “येत्या रविवारी मुलांना कोणती गोष्ट सांगणार आहात?” तिचा चेहरा एकदम बदलला. चांगल्या शिक्षिकेचे हे लक्षणच असते. गोष्ट होती बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातली. खाली रणांगणात यहोशवा अमालेकी लोकांशी लढतो आहे आणि टेकडीवर इस्राएली लोकांचा नेता मोशे हात उंचावून आहे. हात वर असेपर्यंत त्याचे लोक जिंकतात, हात खाली आले की हरू लागतात. हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात. सांगता सांगता ती उठलीच. दोन्ही हात वर करून म्हणाली, “मी अशी उभी राहते. दोन मुलं येऊन एकेक हात धरतात. प्रत्येकालाच हूर व्हायचं असतं.”

“मोशेसुद्धा असा उभाच होता का?” मी विचारले.

प्रश्नात मुद्दाम पेरलेले काही नव्हते. तिच्या पायांवरची सूज मला दिसत होती एवढेच. ती उत्तर द्यायला लागली आणि थांबली. हात हळूहळू खाली आले.

“नाही,” ती म्हणाली. “आधी त्यांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवला. तो धोंड्यावर बसला. मग त्यांनी हात धरले.”

“आणि तुमच्या वर्गात?”

“धोंडा मी गाळते. मुलांना त्यात काही मजा वाटत नाही.”

ती खुर्चीत बसली. बराच वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. मीही ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही. मग तीच म्हणाली, “त्याला कोणी म्हटलं नाही, की तू बसलास म्हणजे तू काम सोडलंस. आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले.” थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, मला बसायला सांगणारं कोणी नाही असं मी म्हणत होते. पण धोंडा ठेवायला मी कोणाला जवळ येऊच दिलं नाही.”

हा प्रश्न योग्य वेळी सुचला याचे मला आजही समाधान आहे. मात्र त्याचे श्रेय तिच्या स्वतःच्या गोष्टीला आहे. माणसाला सुटका बहुधा त्याच्याच श्रद्धेच्या, त्याच्याच कामाच्या भाषेत सापडते, आणि समुपदेशकाने ती भाषा ऐकेपर्यंत आपली भाषा बाजूला ठेवावी, हे मी या व्यवसायात पक्के शिकले आहे. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, जिची मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून केली. तिचा गाभा या स्त्रीच्या बाबतीत लख्ख दिसतो. “मला मुलांना शिकवायचं आहे” ही तिची इच्छा होती आणि ती सुंदर होती. “मी शिकवलंच पाहिजे, न थांबता, एकटीनं, नाहीतर मी कृतघ्न” हा त्या इच्छेवर चढलेला हट्ट होता. थकवा शरीराचा होता; रडू त्या हट्टाचे होते. इच्छा ठेवून हट्ट सोडता येतो, आणि सोडल्यावर काम टिकते, ही गोष्ट अनुभवाखेरीज पटत नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक रडणे हट्टामुळे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि सुमारे १३ टक्के नवमातांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच गोडी न राहणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा जगू नये असे वाटणे, यांपैकी काही असेल तर सल्ल्याचे लेख वाचत बसू नये, डॉक्टरांना सांगावे. जगू नये असा विचार आला तर त्याच दिवशी सांगावे. हिच्या बाबतीत मी हे आरंभीच तपासून घेतले होते. तसेच रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला व हातांना अचानक आलेली सूज, बाळाची हालचाल कमी झाल्याची जाणीव, यांतले काहीही दिसले तर वर्ग आटोपण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. लहान मुलांच्या सहवासात राहणाऱ्या गर्भवतीने मुलांचे नाक-तोंड पुसल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि वर्गात कोणाला कांजिण्या किंवा अंगावर पुरळ असल्याचे कळल्यास लगेच डॉक्टरांना विचारावे.

त्यानंतरची बरीच कामे भराभर झाली, म्हणून ती थोडक्यात सांगते. पाळकांशी ती पतीसह बोलली. तिथे नेमके काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. ती परत आली तेव्हा बाळाविषयीची ती भीती पुन्हा निघाली नाही. चर्चच्या मंडळीतली एक तरुणी वर्गात मदतीला आली; मुले तिला ताई म्हणू लागली. खुर्ची आली, आणि गोष्टीत धोंडाही आला.

घरचे मात्र इतके सोपे नव्हते. “कोणी मदतच करत नाही” असे ती म्हणे आणि पती म्हणत, “ही काही सांगतच नाही.” दोघेही खरे बोलत होते. “जरा मदत करत जा” हे वाक्य ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. मी तिला एक काम, एक वेळ आणि एक माणूस असे बोलायला सांगितले : “शनिवारी रात्री मुलीला तुम्ही झोपवा, मी नऊला आडवी होणार आहे.” त्याची दुसरी अट अवघड होती. त्यांनी केलेले काम आपल्या पद्धतीचे झाले नाही तरी पुन्हा करायचे नाही. पतीने मुलीची वेणी वाकडी घातली, आणि ती तशीच चर्चमध्ये गेली. सासूबाईंना जिने चढवत नव्हते, पण बसून कागदाची मेंढरे कापता येत होती, आणि नातीला शेजारी घेऊन त्या ती हौसेने कापू लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दुखण्यामुळे कामातून वगळून आपण त्यांच्यावर उपकार करतो असे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्यांना एकटे पाडतो.

सर्वांत जास्त काळजी मला त्या चार वर्षांच्या मुलीची होती. ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती, बोबडे बोलत होती, आणि वर्गात दुसरे मूल आईच्या मांडीशी आले की त्याला ढकलत होती. भावंड येण्याच्या सुमारास मुले अशी मागे जातात. त्यात खोडसाळपणा नसतो. तिच्या दृष्टीने पाहा : आई आधीच वर्गातल्या साऱ्या मुलांत वाटली गेलेली, आणि आता आणखी एक वाटेकरी येणार. “तू आता मोठी झालीस” हे वाक्य घरात काही महिने कोणी उच्चारू नये, असे मी सुचवले. रोज झोपण्याआधी थोडा वेळ आईने फक्त तिच्याजवळ पडून राहावे, गोष्ट सांगण्याचीही सक्ती नको. अंथरूण ओले झाले तर न बोलता बदलावे.

वर्गातल्या मुलांनाही सांगणे आवश्यक होते. लहान मुलांना ‘काही दिवसांनी’ हे कळत नाही, आणि न सांगता नाहीशी झालेली बाई त्यांच्या मनात कुठेतरी राहून जाते. म्हणून तिने तीन चित्रे भिंतीवर लावली, दर रविवारी एक उतरवायचे आणि तिसरे उतरले की पुढच्या रविवारपासून ताई शिकवणार. त्या तीन रविवारी वर्ग दोघींनी मिळून घेतला. पहिल्यांदा हिने शिकवले व ताईने पाहिले, शेवटच्या वेळी ताईने शिकवले आणि ही खुर्चीवर बसून राहिली. मध्ये न बोलता बसणे तिला अवघड गेले, असे तिने मला कबूल केले. छत्तिसाव्या आठवड्यात तिने वर्ग ताईच्या हाती दिला.

“परत कधी येणार म्हणून सांगू?” हा तिचा शेवटचा प्रश्न होता. तारीख देऊ नका, असे मी म्हटले. बाळंतपण कसे होईल, बाळ किती झोपू देईल, अंगात किती शक्ती उरेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि दिलेली तारीख पाळण्यासाठी अंगावर दुखणे काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिने मंडळीला “कळवीन” एवढेच सांगितले. ती वर्गात परतली तेव्हा बाळ बसू लागले होते. तिने एकाआड एक रविवार घेतला. उरलेले त्या ताईकडेच राहिले.