पहिले अ‍ॅक्वेरियम: टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नयेत

आपण विचारले आहे की, गोड्या पाण्यातले मासे पहिल्यांदाच पाळायचे असतील, तर टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर चालतील का आणि कोणते मासे घ्यावेत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. टाकी आणि मासे यांच्यात चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवावे.

माझ्या पहिल्या टाकीत मी सकाळी पाणी भरले आणि संध्याकाळी आठ मासे सोडले. पाचव्या दिवशी ते सगळे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते आणि त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. पाणी मात्र काचेसारखे नितळ होते, म्हणून दोष पाण्यात असेल अशी शंकाही मला आली नाही. नंतर टेस्ट किट आणून अमोनिया तपासला, तेव्हा जी परीक्षानळी पिवळी राहायला हवी होती ती गडद हिरवी झाली. तोवर पाच मासे दगावले होते.

याचे कारण असे की, माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच कुजणाऱ्या अन्नातून सतत अमोनिया तयार होतो आणि तो माशांना अत्यंत विषारी असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते, म्हणजे तेही घातकच; पण दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असून पाणवनस्पती आणि नियमित पाणीबदल यांमुळे ते आटोक्यात राहते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच आणि ते अगदी सावकाश वाढतात. म्हणून सुरुवातीला आपल्याला मासे नव्हे, तर हे जिवाणू पाळायचे आहेत, असेच समजावे.

त्यासाठी टाकीत पाणी भरून क्लोरीन काढणारे औषध घालावे, फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा आणि सुगंध किंवा साबण नसलेला शुद्ध अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम या प्रमाणात घालावा. तो मिळत नसल्यास माशांच्या अन्नाची चिमूट रोज टाकली तरी काम होते, मात्र त्यात अमोनिया किती झाला याचा नेमका अंदाज येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासत राहिल्यास आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरते. पुन्हा घातलेली अमोनियाची तेवढीच मात्रा २४ तासांत शून्यावर येऊ लागली आणि नायट्राइटही शून्य दिसले, की बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत. मधल्या काळात पाणी दुधाळ झाले तर घाबरून टाकी रिकामी करू नये; ते आपोआप निवळते. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा मागून घ्यावा. आठवडे वाचवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

टाकी लहान घेतली तर सोपी जाईल हा समज उलटा आहे, कारण थोड्या पाण्यात विष लवकर साचते आणि तापमानही झपाट्याने बदलते. ६० × ३० × ३० सेंटीमीटरची टाकी, म्हणजे साधारण ५४ लिटर, सुरुवातीला योग्य ठरते. नुसत्या पाण्याचेच वजन ५० किलोच्या पुढे जाते, तेव्हा टेबल भक्कम आणि सपाट हवे. काचेचा गोल बाऊल कोणत्याही माशासाठी घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माशांमध्ये सहा-आठ झेब्रा डॅनिओ किंवा तितकेच निऑन टेट्रा घ्यावेत. थव्याने राहणारे हे मासे एकटेदुकटे ठेवल्यास भेदरलेले राहतात. निऑन टेट्रा थोडे नाजूक असल्याने टाकी काही महिने जुनी झाल्यावर आणलेले बरे. गप्पी हवे असतील तर केवळ नर घ्यावेत, कारण मादी एकदा फळली की नराशिवायही महिनोन्‌महिने पिले देऊ शकते. गोल्डफिश आणि काच साफ करतो म्हणून दिला जाणारा मोठा प्लेको, दोघेही या टाकीत मावणार नाहीत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पहिल्या वेळी तीन-चारच आणावेत, उरलेले दोन आठवड्यांनी.

पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीन त्यातले जिवाणूच मारते; टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो हलकेच पिळावा.

आणि हे वाचण्याआधीच आपण मासे आणले असतील, तर ते परत देता येतात का ते आधी पाहावे. तसे शक्य नसल्यास अन्न एक दिवसाआड अगदी थोडे द्यावे, अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासावे आणि दोन्हींपैकी काहीही दिसताच क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निम्मी टाकी बदलावी, मग ते सलग महिनाभर करावे लागले तरी.