फोर-के टीव्ही आला, पण चित्र तेच!

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे फोर-के टीव्हीविषयी आहेत. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. घरी ४० एमबीपीएसचे फायबर आहे. तरी नेटफ्लिक्सवरचे चित्र जुन्या टीव्हीसारखेच दिसते. नेटचा प्लॅन वाढवावा का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : इतक्यात नको. फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगते, यूट्यूबसाठी २० धरा. तुमच्याकडे दुप्पट आहे. घोळ बहुधा दुसरीकडे आहे आणि तो शोधायला एक फुकटची परीक्षा आहे.

टीव्हीवर यूट्यूब उघडा, एखादा फोर-के व्हिडिओ लावा, सेटिंगच्या चाकात जाऊन क्वालिटी २१६० (म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी, फोर-केच्या एवढ्या असतात) निवडा. तिथेच 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' (व्हिडिओची तांत्रिक माहिती) चालू करा. पडद्यावर ३८४० बाय २१६० हा आकडा दिसला आणि व्हिडिओ पाच मिनिटे न अडखळता चालला, तर टीव्ही, वायफाय आणि नेट तिन्ही ठीक आहेत. यूट्यूबवर फोर-केला वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे वर्गणीचा प्रश्न इथे आडवा येत नाही. २१६० हा पर्यायच दिसला नाही, तर आधी दुसरा व्हिडिओ लावून बघा. तरीही दिसेना, तर तो टीव्ही किंवा त्याला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक फोर-के नाही, किंवा अ‍ॅप फार जुने आहे.

यूट्यूब पास झाले की वर्गणी तपासा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन ४८०वर थांबतो, बेसिक ७२०वर, स्टँडर्ड १०८०वर. फोर-के फक्त प्रीमियममध्ये मिळते. जिओहॉटस्टारवरही तसेच, सुपरमध्ये १०८० आणि प्रीमियममध्ये फोर-के. मोबाइल कंपनीच्या रिचार्जबरोबर 'मोफत' आलेली वर्गणी बहुतेक वेळा खालच्या प्रतीची असते. आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हेच.

प्लॅन प्रीमियम असूनही चित्र तसेच असेल, तर ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सचे खाते उघडा, आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये डेटा वापर 'हाय' करा, मग टीव्हीवरून लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. हे सेटिंग प्रत्येक प्रोफाइलचे वेगळे असते. मुलाने मोबाइल डेटा वाचवायला कधी 'लो' केले असेल, तर त्या प्रोफाइलवर टीव्हीही 'लो'च चालतो.

शेवटी कार्यक्रम बघा. सगळेच काही फोर-केमध्ये नसते. नावाखाली 'अल्ट्रा एचडी फोर-के' किंवा 'डॉल्बी व्हिजन' अशी खूण हवी. जुने मराठी चित्रपट शोधत असाल, तर त्यांत ही खूण क्वचितच सापडेल. आणि सुरुवातीचे काही सेकंद चित्र धूसर असणे हा दोष नव्हे. अ‍ॅप हलक्या प्रतीने सुरुवात करून नेटचा अंदाज घेत वर चढते.

प्रश्न : प्लॅन १०० एमबीपीएसचा. राउटरजवळ मोबाइलवर ९५ दाखवतो. पण रात्री नऊनंतर टीव्हीवर गोल चक्र फिरत राहते. केबलवाला म्हणतो, लाइन चोख आहे. (डोंबिवली)

उत्तर : राउटरजवळच्या मोबाइलचा वेग टीव्हीच्या काही कामाचा नाही. टीव्ही जिथे आहे तिथला वेग हवा, तोही नऊ वाजताच. टीव्हीत ब्राउझर असेल तर fast.com उघडा आणि तिथे मोजा. ही साइट नेटफ्लिक्सचीच आहे. ब्राउझर नसेल तर नेटफ्लिक्स अ‍ॅपच्या मदत विभागात नेटवर्क तपासणी आहे.

आता दोष लाइनचा की वायफायचा, हे वेगळे करायचे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि रात्री नऊला मोजा. केबलवर ९० आणि टीव्हीवर १२ आले, तर केबलवाला खरे बोलतो आहे. केबलवरही १२च आले, तर त्याला तो आकडा वेळेसकट दाखवा.

वायफायच असेल, तर डोंबिवलीसारख्या दाटीच्या वस्तीत गुन्हेगार बहुधा २.४ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायचा लहरीपट्टा) असतो. त्यावर एकमेकांवर न चढणारे वायफाय-चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर दहा-बारा राउटर असले की संध्याकाळी सगळे एकाच वेळी त्यांवर तुटून पडतात. म्हणून टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर हवा. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत असेल, तर टीव्ही अनेकदा २.४लाच चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावे द्या आणि टीव्हीत ५वाले जोडा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतो, तेव्हा राउटर चपलांच्या कपाटावरून किंवा माळ्यावरून काढून हॉलमध्ये, उघड्यावर, खांद्याच्या उंचीवर आणा.

खरे तर सर्वांत चांगला इलाज लॅन केबल. कॅट-५ई किंवा कॅट-६, एकदा पट्टीतून ओढली की वर्षानुवर्षे बघायला नको. बहुतेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते म्हणून काही जण ते टाळतात. पण स्थिर ९४ एमबीपीएस हे फोर-केच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. वायफायवर मधूनच पूर्ण वेग दिसतो आणि मधूनच ८. चक्र फिरते ते त्या ८च्या क्षणी.

लाइनचा दोष निघाला तर दोन शक्यता. एक, तुमच्या भागातल्या जोडण्यांच्या मानाने केबलवाल्याने वरून घेतलेली क्षमता कमी आहे. तेव्हा दुपारी वेग मिळतो आणि रात्री नाही. दुसरी, फायबरमध्ये प्रकाश कमी पोहोचतो आहे. तेव्हा त्रास दिवसभर होतो. ओएनटीच्या (घरात फायबर जिथे जोडलेली असते त्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे पोहोचणारा प्रकाश, बघा. उणे २०च्या आसपास उत्तम, उणे २७च्या खाली गेले की जोडणी डळमळते. खिडकीच्या चौकटीत चेपलेली किंवा खिळ्याला गुंडाळलेली फायबर हे त्याचे नेहमीचे कारण.

प्रश्न : आमच्याकडे फायबर आलेले नाही, फाइव्ह-जीवर चालणारे एअरफायबर मिळते. घर चिऱ्याचे. फोर-के चालेल का, आणि डेटा पुरेल का? (सावंतवाडी तालुका)

उत्तर : चालेल, पण छपरावरचे युनिट कुठे बसते यावर सगळे आहे. ते टॉवरच्या दिशेने आणि झाडांच्या वर हवे. मध्ये आंबा-फणसाची गच्च राई असेल तर उन्हाळ्यात चालणारा सिग्नल पावसात पडतो, कारण ओली पाने रेडिओलहरी जास्त शोषतात. बसवायला आलेल्या माणसाला किमान दोन-तीन जागी वेग मोजायला लावा, मगच भोके पाडू द्या.

घरात चिऱ्याची जाड भिंत वायफायला जवळजवळ बंद करते. एका खोलीत राउटर आणि दुसऱ्या खोलीत टीव्ही असे ठेवू नका. राउटर टीव्हीच्याच खोलीत घ्या किंवा लॅन केबल ओढा. वळवाच्या गडगडाटात छपरावरच्या युनिटचा अ‍ॅडॅप्टर आणि त्याची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही, वीज केबलमधूनही आत येते.

डेटाचा हिशेब सोपा आहे. नेटफ्लिक्सचे फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत जाते. रोज तीन तास धरले तर महिन्याला ६३० जीबी. एअरफायबरची मर्यादा साधारण १ टेराबाइट असते, म्हणजे एका टीव्हीला पुरते. दोन टीव्ही रोज फोर-केवर चालले तर महिनाअखेर कोरडी जाईल.

प्रश्न : फोर-के स्टिक होम थिएटरला आणि होम थिएटर टीव्हीला जोडले. चित्र १०८०च येते, कधी पडदा काळा होतो. (नाशिक)

उत्तर : होम थिएटर जुने आहे. फोर-के देणारी अ‍ॅप्स एचडीसीपी २.२ ही कॉपी रोखणारी कुलूपव्यवस्था मागतात आणि ती साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला यावी लागते. मधल्या एकाला येत नसेल, तर स्टिक चित्र उतरवते किंवा दाखवतच नाही.

स्टिक थेट टीव्हीला लावा. टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून होम थिएटरच्या एआरसी पोर्टला केबल द्या, आवाज त्यातून परत जाईल. एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल, पण तिच्यातून भोवतीने-वरून आवाज देणारे अ‍ॅटमॉस येत नाही. २०१४-१५च्या काळातल्या काही फोर-के टीव्हींत एकाच पोर्टला २.२ येते, म्हणून पोर्ट बदलूनही बघा. त्या पोर्टचे पूर्ण रंगांचे सेटिंगही चालू करावे लागते : सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीमध्ये 'डीप कलर'.

केबलवर 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेले असले की १८ जीबीपीएस मिळतात, तेवढे पुरे. आणि स्टिकला तिच्याबरोबर आलेला अ‍ॅडॅप्टरच लावा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेतली की बहुतेकदा ती अपुरी पडते आणि स्टिक मध्येच रीस्टार्ट होते.

प्रश्न : लॅपटॉप टीव्हीला जोडून क्रोममध्ये नेटफ्लिक्स फोर-के दिसेल का? (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. विंडोजवर एज ब्राउझर किंवा नेटफ्लिक्सचे अ‍ॅप लागते, शिवाय एचईव्हीसी एक्स्टेन्शन (फोर-के व्हिडिओ उलगडणारी जोड) आणि त्याला झेपणारा प्रोसेसर. लॅपटॉपला दुसरा जुना मॉनिटर जोडलेला असेल तर तोही अडसर होतो. टीव्हीतले अ‍ॅप वापरा, डोकेदुखी वाचेल.

प्रश्न : ४३ इंची घ्यायचा आहे. फोर-केचे जास्त पैसे देण्यात अर्थ आहे का? (लातूर)

उत्तर : सोफा किती लांब आहे त्यावर. साधारण नजरेला ४३ इंचांवर फुल एचडीचे (१०८०) ठिपके साडेपाच फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत. ५५ इंचांवर हे अंतर सात फूट, ६५वर साडेआठ. त्याहून लांब बसणार असाल तर ठिपक्यांचा फायदा जवळजवळ शून्य. उरतो एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या पल्ल्याचा. तो लांबूनही दिसतो, पण स्वस्त पॅनेलचा उजेड २५०-३०० निट्सचा (निट हे उजेडाचे माप) असतो आणि खोक्यावर एचडीआर छापले तरी पडद्यावर फारसे काही घडत नाही. तेवढ्याच पैशांत जास्त उजळ पॅनेल मिळत असेल तर ते घ्या.

प्रश्न : वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, नेट मात्र जाते. (बार्शी)

उत्तर : राउटर आणि ओएनटी इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते आधी बघा. असतील आणि बदलाच्या क्षणी रीस्टार्ट होत असतील, तर इन्व्हर्टरचे बटण 'यूपीएस मोड'वर करा. तरीही जात असेल, तर १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस घ्या. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा आणि पिन जुळवा. राउटरचे दिवे चालू असूनही नेट जात असेल, तर केबलवाल्याचा गच्चीवरचा स्विच विजेवाचून बंद पडतो आहे. त्याला बॅटरी लावायला सांगा, किंवा थेट घरापर्यंत फायबर देणारी जोडणी घ्या. तिच्यातल्या वाटेवरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही.