सांगलीत गणपतीच्या मांडवात ५ जणांचा ऑर्केस्ट्रा, मिक्सरला ४ ऑक्स (मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या वाटा). कानातले मॉनिटर कसे जोडायचे?

आधी ऑक्स प्री-फेडर आहेत का, म्हणजे चॅनेलच्या फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या) आधीच सिग्नल घेतात का, ते बघा. पोस्ट-फेडर (फेडरनंतर सिग्नल घेणारे) असतील तर समोरच्या स्पीकरसाठी फेडर हलवला की गायकाच्या कानातलाही आवाज हलतो, आणि मग भर कार्यक्रमात खाणाखुणा सुरू. बऱ्याच ॲनालॉग मिक्सरवर १-२ ऑक्स इफेक्टसाठी (एको, रिव्हर्ब) पोस्टच असतात. काहींवर त्याला बटण असतं. समजा ३ प्री मिळाले: एक गायकाला, एक गायिकेला, तिसऱ्यावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी वाजवणारे तिघे मिळून.

ऑक्स आउटला इअरफोन थेट लावू नका. ते लाइन लेव्हल आहे, म्हणजे पुढच्या यंत्राला द्यायचा सिग्नल, इअरफोन चालवायला नाही. शिवाय जॅक बॅलन्स्ड (एकच सिग्नल दोन तारांवर सुलटा-उलटा पाठवणारा) असेल तर एका कानात सिग्नल उलटा जाऊ शकतो आणि आवाज पोकळ येतो. मध्ये हेडफोन अँप किंवा बेल्टपॅक (कमरेला लावायची, इअरफोन चालवणारी डबी) हवाच. एकाच कानात वाजतंय? पॅकचं बटण मोनोवर करा.

वायरलेसमध्ये तिसऱ्या मिक्ससाठी ट्रान्समीटर एकच पुरतो; तिघांचे रिसीव्हर त्याच फ्रिक्वेन्सीवर लावा.

पॅकचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनच कानात घाला, मग हळूहळू वाढवा. लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज रोखणारी सोय) चालू ठेवा, कारण माइक पडला की तो दणका सरळ कानातच बसतो.

इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात, म्हणून मांडवात समोर माणसं असूनही कानात सगळं सुनं वाटेल. स्टेजच्या कडेला लोकांकडे तोंड करून एक माइक लावा. तो फक्त ऑक्समध्ये सोडा, मुख्य स्पीकरला नको.