सायफाय मालिकांत ग्रीन स्क्रीनऐवजी एलईडी भिंत का वापरतात?

मुख्य कारण प्रकाश: एलईडी भिंत म्हणजे कलाकारांमागे पार्श्वभूमी दाखवणारा भव्य स्क्रीन, आणि तिच्यावरच्या दृश्याचा खरा उजेड कलाकारांवर पडतो. ग्रीन स्क्रीनपुढे (म्हणजे हिरवा पडदा, ज्याच्या जागी नंतर संगणकावर दृश्य बसवतात) चकचकीत हेल्मेटवर हिरवी झाक येते आणि ती नंतर पुसत बसावं लागतं. एलईडीपुढे त्याच धातूत वाळवंटाचं आकाश आपसूक उमटतं. ‘द मँडलोरियन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या (2019) पहिल्या सीझनसाठी सुमारे 20 फूट उंच, 75 फूट व्यासाची वक्राकार भिंत उभारली होती. कॅमेरा हलला की गेम इंजिन (व्हिडिओ गेमची दृश्यं जागच्या जागी तयार करणारं सॉफ्टवेअर) पार्श्वभूमीचा कोनही बदलतं, म्हणून दृश्याला खोली येते. मात्र फोकस थेट भिंतीवर गेला तर एलईडीच्या ठिपक्यांमुळे लहरींची जाळी दिसते, त्यामुळे भिंत जराशी धूसर ठेवतात. आणि कडक उन्हाच्या रेखीव सावल्या हव्या असतील, तर भिंतीचा पसरट उजेड पुरत नाही. तिथे बाहेरचं शूटिंगच बरं.