जॉर्जटाउनमध्ये शाकाहारी काय खावं?

प्रश्न : पाठीवर सॅक टाकून आम्ही दोघी बहिणी मलेशियातल्या जॉर्जटाउनला निघालोय. धाकटी शुद्ध शाकाहारी. देवळं फिरताना रस्त्यावर तिला काय मिळेल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, तिथे साध्या पालेभाजीलासुद्धा विचारल्याशिवाय हात लावू नका! तिच्यात बऱ्याचदा ‘बेलाचान’ असतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. कढईतून भाऊच्या धक्क्यासारखा वास आला की पुढे चला. क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं १८३३ सालचं देऊळ आहे. दर्शन घेऊन तिथेच लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवा. कुआन यिन या चिनी करुणादेवीचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद चालत अगदी जवळ. देवळातल्या उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, तरी थांबाच. उन्हातून आल्यावर चेंडोल घ्या: बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ आणि पांदानच्या (सुवासिक पानाच्या) हिरव्यागार शेवया. धाकटीला दुसरी वाटी लागेल, मला लागली होती.