प्रोफेशनल माउंटन बायकर दुर्गम डोंगरवाटांवर सायकल कशी नेतात? पुण्यात राहून, साध्या हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) हे शिकता येईल का?

शिकता येईल. मात्र व्हिडिओ पाहून जे शिकावंसं वाटतं, त्यापेक्षा वेगळंच काही आधी शिकावं लागेल. व्हिडिओत उतार दिसतो. सायकल वर कशी पोहोचली ते फारसं दिसत नाही.

हान्स रे, डॅनी मॅकअ‍ॅस्किल आणि गेरहार्ड चेर्नर या तीन प्रोफेशनल माउंटन बायकरांनी २०१६ मध्ये सायकली घेऊन आधी माउंट केनियाचं लेनाना शिखर (४९८५ मीटर) गाठलं आणि मग किलिमांजारो (५८९५ मीटर). केनिया आधी, कारण विरळ हवेची सवय करून घ्यायची होती. किलिमांजारोच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथल्या खड्या चढावर सायकल पाठीवरच घ्यावी लागते, आणि एवढं दमून झाल्यावर सैल खड्यांच्या उतारावर ब्रेक सांभाळायचे असतात. हान्स रे तेव्हा पन्नाशीच्या घरात होता. त्याची आणि डॅनीची मूळ तालीम ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता, मुंगीच्या वेगाने अडथळे पार करण्याची. मला यातच सगळं आलं असं वाटतं. दुर्गम वाटेवर वेग फारसा कामाला येत नाही. तिथे लागतो संथ तोल, आणि कुठे उतरून सायकल उचलायची याची अक्कल.

ही तालीम पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उत्तम होते. सपाट जागा पाहून सायकल जागच्या जागी उभी ठेवायला शिका: पेडल आडवे, पुढचं चाक थोडं वळवलेलं, नजर जमिनीवर नाही तर समोर. मग खाणीच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर या. मुरमाचे बारीक खडे चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात. उतारावर वजन पुढे येतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. पण वळणात तोच करकचून दाबला की पुढचं चाक निसटतं. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सैल सोडायचा. सकाळी चालायला येणाऱ्यांची वाट अडवू नका, टेकडी आधी त्यांची आहे. वीकेंडला तर मी अगदी उजाडताच जाऊन येतो.

उचलण्याचाही सराव करा. एक हात फ्रेमच्या खालच्या नळीला, दुसरा पुढच्या फोर्कला. सायकल डोक्यावरून नेऊन सॅकवर आडवी टेकवायची, चेनची बाजू मानेपासून लांब. हे जमलं की दोन्ही खांद्यांवर भार विभागतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसतं. नुसती ढकलत नेलीत तर खडकाळ चढावर पेडल सतत पोटरीला लागतं.

हार्डटेल पुरेशी आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस टायर घ्या. आपल्याकडे बाभळीचे काटे इतके, की साधी ट्यूब टिकत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये भरलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, काट्याचं भोक बुजवतो, पण बेसॉल्टच्या धारेने टायरची कड फाटली तर त्याचा उपयोग नाही. म्हणून एक ट्यूब आणि फाटलेल्या जागी आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा सोबत हवाच. गिअरचा स्पेअर हँगरही घ्या, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा. बऱ्याच मॉडेलांचे हँगर वेगवेगळे असतात, त्यामुळे तो सोबत्याकडून उसना मिळेलच असं नाही.

टेकडीवर हात बसला की वेल्ह्याकडे जा. केळदहून खाली कोकणातल्या कर्णवडीला उतरणारा मढे घाट मला फार प्रिय आहे. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असं तिथे सांगतात. काही टप्पे चालवता येतात, बरेचसे येत नाहीत. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा जाऊच नका. दिवाळीनंतर वाळलेलं गवत वाटेवर आडवं होतं आणि खालचे दगड झाकतं. कारवीची काटकी स्पोकमध्ये घुसली तर चाक जागीच अडकतं. एकट्याने जाऊ नका. घरच्यांना वाट आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि केळदमध्ये कुणालातरी सांगून मगच उतरा. अडचण आली तर तुमच्यापर्यंत आधी पोहोचणार ती गावातलीच माणसं. या वाटा त्यांच्या आणि त्यांच्या गुरांच्या रोजच्या आहेत, म्हणून माणूस किंवा जनावर समोर आलं की खाली उतरून बाजूला उभं राहायचं. किल्ल्यांच्या पायऱ्यांवरून आणि दरवाजांतून मात्र सायकल उतरवू नका. त्या दगडांची झीज भरून येत नाही.

आणि मढे घाटाला जाणार असाल तर कोकणाच्या बाजूने परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. सायकल घेऊन तीच वाट पुन्हा चढायला उतरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तोवर अंधार पडतो.