"हिच्या डोक्यातलं खूळ काढा मॅडम"

मी करिअर समुपदेशक, निकाल लागले की दरवर्षी हे वाक्य ऐकतेच, फक्त खूळ बदलतं. यावेळचं होतं, समुद्रात बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करायचं. सांगलीची मुलगी, बारावी झालेली, वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पहिल्या दोन भेटी वडीलच बोलले.

"नोकऱ्या किती आहेत यात?"

"कमी," मी सरळ सांगितलं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुरातत्त्व खात्याची 2001 पासूनची पाण्याखालची शाखा, अशी मोजकीच ठिकाणं. गोड बोलून पाठवायचं हे मला जमत नाही.

तिसऱ्या भेटीत पोरगी एकटी बसली आणि पाचच मिनिटांत रडायला लागली. "बाबांना सांगू नका, मी तारकर्लीला स्कूबा केलं ना, कान इतका दुखला की लगेच वर आले. म्हणजे संपलंच." म्हणजे घरात चार महिने भांडण चालू होतं ते हिने मनातून कधीच सोडून दिलेल्या गोष्टीवरून!

"मग बोटीत बसून काय केलंस?"

"बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांना विचारत बसले, पाण्यातला खडक दिसत नाही तर कळतो कसा. ते म्हणाले डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की समजायचं." आणि मग वीस मिनिटं थांबलीच नाही, माझ्या पॅडवर रेघा मारून दाखवल्या. टेस्टच्या मार्कांपेक्षा, माणूस हरलेला असताना काय करत बसतो हे मी जास्त बघते आणि इतक्या वर्षांत त्याने मला क्वचितच फसवलंय.

मी तिला जॉर्ज बासची गोष्ट सांगितली. 1960 साली तुर्कस्तानात गेलिडोन्याजवळ सुमारे 3200 वर्षांपूर्वीचं जहाज त्याने समुद्रतळाशी रीतसर उत्खनन करून अभ्यासलं. तो आधी पुरातत्त्वाचा विद्यार्थी, डायव्हिंग त्या कामासाठी शिकला. आणि जहाज कुठे आहे ते कळलं कसं, तर स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांशी कोणीतरी गप्पा मारत बसलं होतं म्हणून. ती एकदम गप्प झाली, मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी केलं तसंच?"

असं खूळ घरात असेल तर आधी पोहणं आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवणं. कानातला दाब सोडायला सरावाने जमतं बऱ्याच जणांना, सर्दी असताना मात्र उतरायचंच नाही. इतिहास किंवा भूगर्भशास्त्रात डिग्री, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए. डायव्हिंगचा कोर्स मध्ये कधीही करता येतो. नाहीच जमलं तरी वर आलेल्या वस्तू सांभाळायला माणसं लागतातच, स्वीडनचं वासा जहाज 1961 ला वर काढलं तर लाकूड तडकू नये म्हणून 17 वर्षं त्यावर रसायन फवारत होते.

शेवटच्या भेटीत मी हेच सांगत होते, समुद्रातली भांडी गोड्या पाण्यात कित्येक महिने ठेवतात, मीठ निघेपर्यंत, नाहीतर वाळली की फुटतात. वडील पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. "पुरातल्या मोटरी आम्ही पण आधी धुतो, घाईने वाळवली की गेलीच," मग मुलीकडे वळून, "पाणी किती दिवसांनी बदलतात गं?"